दारावरची फुली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — त्याच्याशीही मी इकडचं तिकडचंच बोलत आले. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

आमचं घर शिरूरला, स्टँडमागच्या गल्लीत. कारखाने आले, कामगार आले, आणि जो तो भाड्याच्या खोल्या काढायला लागला. आम्हीही रस्त्याच्या बाजूला तीन काढल्या — वर पत्रा, एक दार, एक खिडकी. खिडक्या आमच्या अंगणात उघडायच्या. स्टोव्हचा वास घरात येतो म्हणून मी त्या खिळे ठोकून बंद करून टाकल्या. आत माणसांनी श्वास कसा घ्यायचा? खरं सांगू — हा प्रश्न मला पडलाच नाही.

मधल्या खोलीत सविता आणि तिचा नवरा राहायचे, परभणीकडचे. तो कंपनीत. तिला सातवा महिना. मला काकू म्हणायची, न सांगता माझे तांदूळ निवडून द्यायची.

स्वाइन फ्लूचं ते वर्ष. पुण्याहून रोज वाईट बातम्या. आम्ही शहाणी माणसं रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरत होतो! नर्सताई दारोदार ताप विचारायच्या आणि दारावर खडूने खूण करायच्या. ताप नसेल तर बरोबर, असेल तर फुली. फुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी वेगळी माणसं गोळ्या घेऊन यायची, खुणा बघत बघत. सविताच्या दारावर फुली पडली.

आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. आधी दोन ठिकाणी फिसकटलेलं. फुली बघून हेही माघारी फिरले तर? — बघा, अजूनही मी कारणाच्या आडच उभी राहतेय.

सकाळी सडा टाकताना मी ओल्या फडक्याने ती फुली पुसली. नुसती पुसली असती तरी त्या माणसांनी चौकशी केली असती. पण मी घरातून खडू आणला आणि तिथे बरोबर काढलं. अगदी नर्सताईंच्या वळणाचं.

सविताला म्हटलं, "दार लावून घे गं, पाहुणे येणारेत."

"व्हय काकू. गोळ्यावाले आले की हाक मारा."

ते आले. खूण बघून पुढे गेले. मी ओट्यावरून बघत होते. हाक मारायला कितीसा वेळ लागतो? घरात पाहुणे पोहे खात होते. त्या कोंदट खोलीत ती हाकेची वाट बघत पडली होती.

मुलीचं जमलं. तिसऱ्या दिवशी सविताला धाप लागली, पुण्याला नेलं. ती परत आली नाही. बाळही नाही.

मग नर्सताई आल्या. वरून त्यांना जाब विचारला होता. डोळे सुजलेले. "काकू, मी फुलीच मारली व्हती ना? मला तर तसंच आठवतंय."

तेव्हा तरी सांगायचं होतं — नाही का? मी म्हणाले, "नाही हो ताई, बरोबरच होतं. मी स्वतः पाहिलं ना."

त्या दाराकडे बघत राहिल्या. "मंग माझ्याच हातनं झालं म्हणायचं."

त्यांच्या हातून काहीही झालं नव्हतं. मी त्यांना चहा घेऊन जा म्हटलं.