पंख्यामागे बेचाळीस मिनिटं

आमचे भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकोणचाळीस, नोकरी पंख्याच्या कारखान्यात, अकाउंट्समध्ये. आणि शनिवार-रविवार कॉलेज! नोकरी करणाऱ्यांसाठी असतो ना, तो फायनान्सचा एमबीए. या वयात ही हौस कशाला? तर बारा वर्षांत तीन पोरं यांच्याकडून काम शिकली आणि यांच्याच डोक्यावर साहेब होऊन बसली. त्यांच्याकडे डिग्री होती, यांच्याकडे नुसता अनुभव. अनुभवाला विचारतो कोण?

तीन वर्षं या माणसाला रविवार ठाऊक नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा स्टेशनरीच्या खोलीत खोक्यावर बसून पुस्तक. एका विषयात दोनदा आपटले, तेव्हा मीच झापलं, "सोडा की हो! कुणी जबरदस्ती केलीय?" तर म्हणाले, "वहिनी, आता सोडलं तर सगळं ऑफिस हसेल. आणि नाही सोडलं तर मी असाच झिजणार." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मीही त्याच कारखान्यात, दुरुस्ती विभागात. गॅरंटीत परत आलेले पंखे उघडायचे, मोटरीतली जळलेली वायंडिंग, म्हणजे तांब्याची तार, काढायची, नवी भरायची. आम्ही अकरा जणी. मला तिथे सोळा वर्षं झाली, आणि आमच्या ह्यांचं दुकान बसल्यापासून घर माझ्याच पगारावर चालतं.

शेवटच्या वर्षी कॉलेजला प्रोजेक्ट द्यावा लागतो. विषय आपल्याच कामाच्या जागेचा हवा, आकडे खरे हवेत, वर साहेबांची सही आणि शिक्का. भाऊजी विषय शोधत होते. मीच सुचवला. हो, मीच! आमच्याकडे पंख्यांचा ढीग छताला टेकलेला, एकेकीची कंबर मोडलेली. म्हटलं, "आमच्याकडे या. आम्ही किती राबतो ते कागदावर तरी येऊ दे. दोन माणसं वाढवून मिळाली तर सोन्याहून पिवळं."

पंधरा दिवस घड्याळ समोर ठेवून मी एकेका पंख्याची वेळ लिहिली. बायका म्हणाल्या, "थोडी वाढवून लिही गं, माणसं लवकर मिळतील." मी भडकलेच. खोटं कशाला? आहे ते आहे. सरासरी निघाली बेचाळीस मिनिटं.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी भाऊजी कॉलेज बुडवून घरी आले. चहा ठेवला, तो तसाच.

"तोंड का पाडलंय?" मी विचारलं.

"वहिनी, हिशेब झाला. पंखा दुरुस्त करून देण्यापेक्षा गिऱ्हाइकाला नवा देणं कंपनीला स्वस्त पडतंय."

मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे आमचा विभागच नको!

"मग लिहू नका ना तसं! विषय बदला."

"विषय नोंदवून झालाय. आणि कोर्सची मुदत यंदा संपते. आता नाही दिला तर तीन वर्षं पाण्यात." मग ते खाली बघत म्हणाले, "बेचाळीसची पस्तीस मिनिटं केली तर दोन्ही खर्च सारखे दिसतात. तुम्ही म्हणाल तर करतो."

आता मला मेलीला अक्कल असती तर! पण माझं डोकं फिरलं. "माझ्या आकड्यांना हात लावायचा नाही! सोळा वर्षं काम केलंय, चोरी नाही. आणि कॉलेजचं बाड वाचतंय कोण? कपाटात धूळ खाईल." भाऊजी चहा न घेताच उठले. आज वाटतं, 'करा पस्तीस' एवढं माझ्या तोंडून ऐकायलाच ते आले होते.

साहेबांनी वाचलं. सही करायच्या आधी फक्त शेवटचं, निष्कर्षाचं पान. तेवढं पुरलं.

प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. भाऊजींना बढतीचं पत्र मिळालं, आणि सोबत पहिलं काम: दुरुस्ती विभाग तीन महिन्यांत बंद करा, तक्रारी नोंदवायला दोघींना ठेवा, नावं तुम्हीच द्या. नाही म्हटलं असतं तर पत्र परत गेलं असतं आणि विभाग दुसऱ्या कुणी बंद केला असता. भाऊजींनी मान डोलावली म्हणे.

यादी घेऊन ते माझ्याकडे घरी आले. डावीकडे नऊ नावं, उजवीकडे दोन. उजवीकडचं पहिलं माझं. डावीकडे माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई होती. माझ्या दोन वर्षं आधी लागलेली, माझा हात धरून मला वायंडिंग शिकवलेली.

"वहिनी, तुम्ही म्हणाल तसं करतो," भाऊजी म्हणाले. पेन त्यांनी माझ्यासमोर ठेवलं होतं. बिचाऱ्यांना कुणीतरी सोडवायला हवं होतं, आणि समोर मीच होते.

'माझं खोडा, तिचं लिहा.' चार शब्द. ओठांवर आले होते, खोटं नाही सांगत. आतल्या खोलीत हे दुपारचे झोपलेले. दाराशी मुलाच्या शाळेचे बूट.

मी कागदाची घडी घातली आणि भाऊजींच्या हातात दिली.

"उद्या देऊन टाका," म्हटलं.