जाऊबाईनं चुलीत टाकलेल्या गोळ्या

लग्नानंतर वर्षभरात, वांग्यांना पाणी सोडताना मला पहिल्यांदा फिट आली. मग येतच राहिल्या. नवरा मला अकोल्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी रोज दोनदा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत."

फिटा थांबल्या आणि जाऊबाईचे प्रश्न सुरू झाले. भाजीचा मळा एकत्र, चूलही एकच. मी गोळी तोंडात टाकली की ती हातातलं काम सोडून विचारायची, "आणखीन किती दिस खाशीन वं? येड्याच्या दवाखान्यात हेच गोळी देतात म्हणे? लेकरू झालं तं तेही असंच निंगन का?" उत्तर तिला नकोच असायचं. गोळ्यांनी माझ्या हिरड्या दातांवर चढल्या, दुपारी डोळे मिटायला लागले. तेही तिनं गावभर केलं. मी तोंडाला पदर लावून हसायला शिकले, आणि मनातल्या मनात तिला शिव्या द्यायला.

एका सकाळी गोळ्यांची डबी रिकामी.

"चुलीत टाकल्या म्या," भाकर थापत ती म्हणाली. "सवय लागली तुले. दारूवानी."

नवरा म्हणाला, "सोमवारी आणू." सोमवार पाच दिवसांवर होता!

तिसऱ्या दिवशी शेलूबाजारला आम्ही दोघी भाजी विकायला बसलो होतो. मी तराजूवरच कोसळले. शुद्ध आली तेव्हा तोंडात रक्त, नाकाशी कुणाची तरी चप्पल, आणि अंगावरचं पातळ ओलं. जाऊबाई टोपली उचलून चार दुकानं पलीकडे बसली होती. शेजारची मिरचीवाली म्हणाली, "इले मी ओळखत नाई, असं सांगून गेली ते."

नवऱ्यानं मला अकोल्याला नेलं, तेव्हा डॉक्टर त्याच्यावर ओरडले, "एकदम बंद केल्या की फिट जोरात येते. जीव गेला असता! ही सवय नाही, औषध आहे."

घरी आल्या आल्या मी वेगळी चूल मांडली. नवऱ्याला म्हटलं, "इकडं याचं असन तं या, नाई तं तिच्या हातचं खा." तो आपलं ताट घेऊन आला.

जाऊबाई दारात उभी राहिली. "काहून एवढा राग धरून राह्यली? तुह्या भल्यासाठीच केलं."

"माह्यं भलं तुमी करू नका, बाई."

पुढं तिनं दोनदा माणसं पाठवली, समजूत घालायला. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.