चिखलातला व्हिडिओ आणि गावाचा ठराव

धानाच्या रोवणीत माझी पंधरा वर्षांची मुलगी बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या भातखाचरात, तोंडावर आपटली. नाकाकानात चिखल, पण हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी उंच धरलेली. बापानं धावायचं असतं. मी मोबाईल काढला. वर 'आमची शेतकरीण' असं लिहून व्हिडिओ टाकूनही दिला.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या वर्गात पोचला. पोरं तिच्यासमोर बेंचवर आपटून दाखवू लागली. तिनं आईला बजावलं, "बाबाले सांग, तो व्हिडिओ हाय तोवर मी शाळेत जात नाई." मी घरातच होतो, पण माझ्याशी बोलणं आईमार्फत चालू होतं. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. खरं सांगायचं तर लाइक येत होते, आणि मला जन्मात कुणी एवढं लाइक केलं नव्हतं.

आठवड्यानं ग्रामसभा भरली. विषय होता पोरं आणि मोबाईल. पेपर वाचणारा म्हणून मला उभं केलं. मी ऐटीत सांगितलं, "नव्या कायद्यात अठराच्या आतल्या पोरांची माहिती वापराची असंल, त कंपनीले आधी मायबापाची परवानगी लागते. राखण आपल्या हाती हाय!"

एका म्हातारीनं विचारलं, "अन् मायबापच खोडसाळ निंगाले त?"

"असा बाप कोण असंल, बाई?"

मागून माझी मुलगी उठली. "माझा हाय न! मी पडली त्याचा व्हिडिओ टाकला. मले इचारलंबी नाई."

सभा खदखदून हसली. मी पवित्रा घेतला, "परवानगी बापाचीच लागते. मी मलेच देल्ली!"

अध्यक्ष हसले नाहीत. "भाऊ, कायदा कंपनीसाठी हाय. आपल्या गावची रीत काय? एकानं नाई म्हटलं त ठराव होते काय?"

"नाई होत."

"मंग पोरगी नाई म्हणून राह्यली."

आमच्याकडे तेंदूपत्त्याचा भावसुद्धा सगळ्यांच्या होकारानंच ठरतो. ठराव मांडला गेला: पोराला विचारल्याशिवाय त्याचा फोटो, व्हिडिओ टाकायचा नाही. सगळ्यांचा होकार आला, त्या दिवशी पोरांचाही घेतला. उरलो मी. माझ्या एका 'नाई'नं सगळं अडलं असतं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"लवकर बोल बाबू," म्हातारी म्हणाली, "मले भात मांडाचा हाय."

"हो," मी म्हणालो.

तिथेच व्हिडिओ काढून टाकायला गेलो, तर भलतंच बटण दाबलं. तो गावाच्या ग्रुपवर गेला. सभाभर मोबाईल वाजले.

"द्या इकडं, बाबा!" आठ दिवसांनंतरचा माझ्या वाट्याचा पहिला शब्द. तिनं दोन्हीकडून व्हिडिओ पुसला. मी चाचरत विचारलं, "पोरांच्या मोबाईलातला?"

"तो राहीन. त्याहिले पाहून घेतो मी. तुमच्याकडून नाई पायजे होता."

दुसऱ्या दिवशी तिनं सायकल काढली. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, मागे हिरवीगार बांधी. माझा हात आपसूक खिशात गेला.

"काढू काय एक?"

"नाई," ती म्हणाली, आणि हसत घंटी वाजवत शाळेकडे निघाली.