दफेदारांच्या रिकिबी

दफेदार शाळेत आले की आधी टाचा जुळवून सलाम ठोकत. मोठ्या बाईंना, मला, पाणी भरणाऱ्या म्हातारीलासुद्धा. मग म्हणत, "नोडी, बघा बाई, घोडं धावायला बघतंय. लगाम कशाला ओढता?"

घोडं म्हणजे त्यांची नात. महाराजांच्या रिसाल्यातून ते पेन्शनीत निघाले होते आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना खोगिरावरूनच दिसे. म्हैसूरच्या त्या कन्याशाळेत मी पहिलीची मास्तरीण. पोर माझ्यापुढे चटईवर बसून तिसरीचं कन्नड पुस्तक घडाघडा वाची. बाकीच्या मुली अक्षरं गिरवीत तोवर ही पेंगे. पुढे तर शाळेचं नाव काढलं की रडू लागली. तिची आई म्हणाली, "राहू दे घरी. स्वयंपाक तरी शिकेल." मुलीची शाळा सुटायला त्या काळी एवढं निमित्त पुरे होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिला तिसरीत बसवा म्हणून मी मोठ्या बाईंकडे शब्द टाकला, तर म्हणाल्या, तसा नियम नाही. दफेदारांनी नियम विचारलाच नाही, परीक्षा मागितली. पोरीनं पुस्तक वाचून दाखवलं, वर तोंडी गणितं केली. मग मोठ्या बाईंनी तिला तिसरीच्या बाकावर बसवून पाहिलं. पाय अधांतरी लोंबू लागले.

"आगल्ला, जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभरात मुंग्या येतील. पाय टेकतील तेव्हा आणा."

मला असा राग आला! दफेदार मात्र शांत. वाकून त्यांनी बाकाची उंची वितीनं मोजली, सलाम ठोकला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते जुन्या खोगिराच्या रिकिबी घेऊन. चामडी वाद्यांना नवी भोकं पाडलेली. रिकिबी बाकाला बांधल्या, नातीला बसवून तिचे पाय त्यांत अडकवले. "घोड्यावर कुणाचे पाय जमिनीला टेकतात, बाई? हेळी, सांगा!"

मोठ्या बाईंना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पोर तिसरीत बसली.

दर दसऱ्याला दफेदार येऊन रिकिबी घासत आणि वाद्या एक भोक खाली उतरवत. शेवटी तिचे पाय टेकले. "घरी न्या आता," मी म्हटलं. "असू द्या बाई. आणखी एखादं घोडं येईल."

आलं. रंगाऱ्यांच्या आळीतली एवढीशी पोर. या खेपेला मोठ्या बाईच म्हणाल्या, त्या रिकिबी बाहेर काढा. हे बघायला दफेदार राहिले नव्हते, आणि मला ते फार लागलं. वाद्या मी पुन्हा सगळ्यांत वरच्या भोकात अडकवल्या. मग कुणी बघत नाहीसं पाहून टाचा जुळवल्या.