बसलेले देव

आमच्यात घट बसले की देव हलवत नाहीत. पहिल्या माळेला विड्याच्या पानावर देव बसवला की दसऱ्याला घट उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अंघोळ नाही, पुसणं नाही. लांबूनच फूल, लांबूनच हळदकुंकू, आणि शेजारी रात्रंदिवस तेवणारा दिवा. हे मला आईनं सांगितलं, आईला तिच्या सासूनं. का हलवायचा नाही ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. उगाच विचारणाऱ्या माणसांशी माझं कधी जमलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी सातव्या माळेला आमचं घर जळालं.

गाव आमचं कोल्हापुरातनं गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, नदीच्या अंगाला. घर मी स्वतः बांधलेलं. गवंडी एकच, बाकी सगळं मी आणि माझा थोरला पोरगा. भिंती मातीच्या, वर कौलं, मध्ये लाकडी माळा. माळ्यावर बायकोनं वर्षभर थापलेल्या शेणी आणि एका बाजूला म्हशीची वाळकी वैरण. त्याच्या खालीच देव्हारा. आता लोक म्हणतात, शेणीखाली दिवा कशाला लावायचा? अरे बाबांनो, घरच तेवढं होतं. दिवा काय रस्त्यावर लावायचा?

दुपारची वेळ. मी गोठ्यात होतो. बायको आणि सून घरामागच्या परड्यात चुलीवर कडाकण्या तळत होत्या. कडाकणी म्हणजे गोड पुरीच, पण कडक. दोऱ्यात ओवून घटावर टांगतात. धाकटा मुलगा फौंड्रीत कामावर. धूर पहिल्यांदा सुनेनं बघितला. ती आत पळाली, तिच्यामागं मी दारापर्यंत पोचलो. तेव्हा जाळ नुसता वरच होता. घटावरच्या सुकलेल्या माळा जळून गेलेल्या आणि माळ्याची कड धरलेली. देव्हारा अजून हाताच्या अंतरावर होता. सुनेनं हात पुढं केला आणि ओरडली, "आत्ती, देव घिऊ?"

बायको परड्यातनं, हातात झारा तसाच, ओरडली, "हलवू नगंस! बसल्यात!"

सुनेनं हात मागं घेतला.

बायको ओरडली नसती तर मी ओरडलो असतो. माझ्या तोंडात तेच आलं होतं. ती माझ्या आधी बोलली, एवढंच.

सुनेनं मग गॅसचा सिलिंडर ओढत बाहेर काढला. त्यामुळं शेजारची घरं वाचली. तेवढ्यात माळा खाली आला. शेणी पेटतात तेव्हा मोठा जाळ होत नाही, नुसत्या लाल होत जातात आणि तशाच राहतात. सगळा लाल ढीग देव्हाऱ्यावर बसला. मी आत जायला लागलो तर चौघांनी मला धरलं. त्यातल्या एकाला मी चावलो, असं नंतर गावात सांगत होते. चावलो असेन. बंब आला तोवर वासे खाली आले होते. बंबवाल्यांचा दोष नाही, गल्लीच आमची अरुंद.

आता देव्हाऱ्यात काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं देवाचे टाक असतात. अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेला देव. आमच्यात जोतिबा होता, अंबाबाई होती, खंडोबा होता. आणि चौथा टाक आमच्या थोरल्याचा.

ज्यानं माझ्याबरोबर हे घर बांधलं, तोच थोरला. लग्न ठरलं होतं. पुराचं पाणी ओसरत आलं होतं, म्हशी धुवायला नदीवर गेला. एक म्हैस धारेला लागली म्हणून तिच्यामागं गेला. म्हैस आली. तो दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. बिनलग्नाचा गेला की त्याचा टाक करून देवात बसवतात, तसा बसवला. सोनारानं टाकावर घोडेस्वार काढला. बायको तेव्हा म्हणाली होती, "घोड्यावर कवा बसलावता त्यो? सायकल हुती त्याची." पण सायकलीवरचा टाक कुणी करत नाही.

तेव्हा मोबाईल नव्हते. त्याचा एकच फोटो होता, भिंतीवर. तो गेला. टाक राहिला असेल का, एवढंच आमच्या मनात होतं. घराचं रडणं नंतर आलं.

आम्ही गोठ्यात राहिलो. म्हैस एका बाजूला, आम्ही चौघं एका बाजूला. गाव मदतीला धावलं. मी नको नको म्हणत राहिलो. मी आयुष्यात कुणाच्या दारात वाटी घेऊन गेलो नाही आणि दारात आलेलं घ्यायचीही मला सवय नव्हती. शेजारची म्हातारी भाकरी घेऊन आली तर मी म्हटलं, भूक नाही.

ती म्हणाली, "घर जळलंय तुजं, तोंड न्हाई जळलं. खा गप."

"मावशी, तुमालाच कमी पडंल."

"पडू दे की. तुज्या आयनं मला बाळंतपणात खायला घातल्यालं हाय. तुला घालत न्हाई, तिला घालतोय समज."

खाल्ली. धोतरं सगळी जळाली होती, म्हणून धाकट्यानं कुणाची तरी विजार आणून दिली. मागं, बसायच्या जागेवर, इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. ती घालून मी चावडीत गेलो. पोरं मागनं हसत होती. मी धाकट्याला विचारलं, "काय लिवलंय रं?" तो म्हणाला, "चॅम्पियन." मग मी ती उतरवलीच नाही, दसरा उलटला तरी घालत होतो.

बायको मात्र हसली नाही. ती बोलायचीच बंद झाली होती. बोलली की एकच. "दिव्यानं गेलं. उंदरानं वात वढली आसंल."

मी म्हणायचो, "वायरिंग जुनं हुतं."

"वायरिंग न्हवं. दिवा."

"अगं, मी सांगतोय न्हवं, वायरिंग."

खरं काय ते मला माहीत नाही. आजही नाही. पण मी वायरिंगच म्हणत आलो आणि मरेपर्यंत म्हणणार. दिव्याला तेल ती घालत होती. सुनेनं त्या दिवशीच्या हाकेचा एकदाही विषय काढला नाही. यासाठी मी तिला मानतो.

राख निवल्यावर आम्ही ती चाळली. सून पाटी भरून द्यायची, धाकटा चाळणीनं चाळायचा, बायको हातानं चिवडायची. तिचे हात कोपरापर्यंत काळे. तांब्याचं ताम्हण सापडलं, वाकडं झालेलं. त्याच्या तळाला सुपारीएवढा एक गोळा चिकटला होता. वरून काळा. धाकट्यानं नखानं खरवडला तर आत पांढरं चमकलं. तो रोज धातू वितळवतो, त्याला लगेच कळलं.

"काय हाय?" बायकोनं विचारलं.

"चांदी हाय, आई."

"कोण हाय त्यात?"

तो म्हणाला, "सगळंच."

तिनं तो गोळा घेतला, पदरानं पुसला, उलटासुलटा केला. अंगठ्यानं चाचपून बघत होती. घोड्याचा पाय लागतो का, स्वाराच्या टोपीचं टोक लागतं का. गुळगुळीत होता.

आमची थोरली पाती, म्हणजे भावकीतलं थोरलं घर, म्हणून भावकीचे देव आमच्याकडं. दसऱ्याला सगळे आमच्या दारात सोनं द्यायला येतात. त्या दसऱ्यालाही आले, जळक्या भिंतीपुढं उभे राहिले आणि गोठ्यात आपटा देऊन गेले. जाताना धाकटा चुलतभाऊ थांबला. माणूस वाईट नाही, पण त्याला नियम फार पाठ.

"दादा, बिघडल्यालं देव घरात ठेवायचं न्हाईत. नदीला सोडाय पायजेत."

"ठावं हाय मला."

"मग कवा सोडायचं?"

"सोडू की."

"सोडू की न्हवं. भावकीत कुणाचं काय वाईट झालं तर बोल तुमच्यावर यील. तुमीच आमाला शिकवलंय न्हवं हे सगळं?"

ते खरं होतं. भावकीत कुणी सुतक नीट पाळलं नाही, कुणी नैवेद्याला उशीर केला, की मीच चारचौघांत पाणउतारा करायचो. आता माझ्या गळ्याशी आल्यावर मागं कसा सरू? मी दिवस ठरवला. बायकोला सांगितलं. त्या दिवशी तिनं गोळा एका लाल फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि माझ्यामागनं चालायला लागली.

सकाळची वेळ. नदी भरून चालली होती, पाणी गढूळ. भावकीतले सात-आठ पुरुष काठावर, गुरव पूजेचं घेऊन बसलेला. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. फडकं सोडलं. गोळा मुठीत घेतला. उनात धरल्यासारखा गरम वाटत होता, का माझाच हात तापला होता कोण जाणे. गुरव म्हणाला, "सोडा आता, आबा."

मी मागं बघितलं. बायको काठावर उभी होती. आणि जागा तीच होती, जिथं म्हशी धुतात. दुसऱ्या कुठल्या घाटावर जायचं माझ्या ध्यानात आलं नाही, कुणाच्याच आलं नाही. ती म्हणाली, मोठ्यानं नाही, पण पाण्यावरनं मला ऐकू आलं.

"अवो, त्याला परत पाण्यात घालू नगासा."

मी तसाच उभा राहिलो. चुलतभाऊ म्हणाला, "वयनी, देवाचं काम हाय. मधी बोलू नगासा."

मग मी पाण्यातनं बाहेर आलो. गोळा त्या चॅम्पियनच्या विजारीच्या खिशात टाकला आणि चेन ओढली.

"दादा, ह्ये काय?"

"न्हाई सोडणार."

"नियम हाय दादा."

"आसंल. तू पाळ. माजं पोरगं एकदा दिलंय मी ह्या नदीला. दोनदा न्हाई देणार."

गुरवानं नारळ पाण्यात सोडला आणि सामान गोळा केलं. चुलतभाऊ वाटेत माझ्याशी बोलला नाही, पुढंही चार महिने बोलला नाही. देव मात्र त्यानं मागितले नाहीत. मागितले असते तर काय दिलं असतं?

धाकट्याची कल्पना होती, गोळा सोनाराला देऊ, त्यातनंच चारी टाक नवे करून घेऊ. मला पटलं होतं. पेठेतल्या सोनारानं हातात घेऊन बघितला, म्हणाला, "हुतंय की. मुशीत घालून गाळायचा, पत्रा काढायचा, झालं."

बायकोनं त्याच्या हातातनं गोळा काढून घेतला. "गाळायचा म्हंजी जाळात घालायचा?"

"जाळाबिगर कसं हुणार, आजी?"

ती दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली. आम्ही देवांचे तीन टाक नव्या चांदीचे करायला सांगितले. चौथा सांगितला नाही.

घर परत उभं राहायला वर्ष गेलं. या वेळी वर पत्रा आहे, माळा नाही. शेणी परड्यात, लांब. कौलांखाली जशी दुपारी झोप लागायची तशी पत्र्याखाली लागत नाही. गोळा रोज सकाळी बायको देवांबरोबर धुते, हळदकुंकू लावते. चुलतभावाची बायको एकदा बघून म्हणाली, "आक्का, हे काय ओ, सुपारी?" बायको म्हणाली, "व्हय, सुपारी."

मग गेल्या वर्षीचे घट आले. तिनं पानं मांडली. जोतिबा बसवला, अंबाबाई बसवली, खंडोबा बसवला. चौथं पान मांडलेलं होतं. मी वाट बघत होतो. तिनं गोळा उचलला, पानाजवळ नेला, आणि परत घेतला. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधला आणि पदर कमरेला खोचला.

"अगं, त्याला न्हाई बसवत?"

"न्हाई. बसवला की हलवता येत न्हाई."

चौथं पान तसंच रिकामं राहिलं. सून बघत होती. तिनं मुकाट्यानं तेलाची बाटली आणली आणि सासूच्या पुढं ठेवली. बायको बाटलीकडं बघत राहिली, हात पुढं करेना. मग मी दिव्यापुढं बसलो. आमच्या घरात देवाच्या दिव्याला मी कधी तेल घातलं नव्हतं, ते बायकांचं काम. वात पुढं सारली, तेल घातलं, काडी ओढली.

"लांब ठेवा," ती म्हणाली.

"ठेवलाय."

"आणि लांब."

मी दिवा आणखी हातभर लांब सरकवला. देवांवर उजेड कमी पडला. घट उठेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं दिव्यापाशी बसलो, आणि सगळा वेळ तिचा एक हात कमरेच्या गाठीवर होता.