झाकणाचा दगड

माझ्या बायकोला, मंजिरीलाही, हे ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

कोविडचं दुसरं वर्ष होतं. आम्ही पर्थला. राज्याच्या सीमा बंद, भारत तर फारच लांब; म्हणून लाँग वीकेंडला सगळे जवळपासच फिरायचे. मी, मंजिरी आणि आठ वर्षांची इरा — आम्हीही गाडी काढली, दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या डोंगराकडे. खाली उंचच उंच झाडं, वर नुसता उघडा कातळ.

सकाळी आंटी डॉट आम्हाला वर घेऊन गेल्या. त्या नूंगार, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी समाजातल्या; त्यांची माणसं या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेली. वडीलधाऱ्या बाईला तिकडे आदराने आंटीच म्हणतात. कातळात एक कुंड होतं आणि त्यावर चपटा दगड. पाणी आटू नये, जनावर पडून सडू नये, म्हणून त्यांच्या पूर्वजांनी ठेवलेला. आंटींनी वाकून त्यावर तळहात टेकला. मग म्हणाल्या, "माझ्या आजीच्या आजीचे हात लागलेत याला. बघा, पण हलवू नका."

मी मान डोलावली — मनापासून डोलावली. पण त्याला काय अर्थ?

दुपारी मंजिरी केबिनमध्ये आडवी झाली आणि मी इराला घेऊन पुन्हा वर गेलो. आत खरंच पाणी आहे का, एवढंच बघायचं होतं. "बाबा, शी सेड डोन्ट," इरा म्हणाली. मी हसलो. दगड उचलला — वाटला त्यापेक्षा जड निघाला — हातातून निसटला, कातळावर आपटला. दोन तुकडे. आत पाणी होतं, नितळ. मी तुकडे जुळवून परत ठेवले. कुणाला कळणार होतं?

संध्याकाळी मंजिरी अजून केबिनमध्येच होती; मी आणि इरा कार पार्कमध्ये असताना आंटी आल्या, चेहरा पार उतरलेला. वर कोण गेलं होतं, त्यांनी विचारलं. नुसतं विचारलं — आरोप नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं ना? पण माझी नजर पलीकडच्या व्हॅनकडे गेली. तिथे लुकास नावाचा परदेशी माणूस राहायचा, विमानं बंद झाल्यामुळे अडकलेला. आंटींनीच त्याला राहू दिलं होतं.

"तो वर जाताना दिसला मला," मी म्हणालो.

इराने माझा शर्ट ओढला. "बट बाबा—"

"इरा, गप्प बस. एक शब्द नाही." हे मराठीत म्हणालो. मुद्दाम मराठीत — आंटींना कळू नये म्हणून.

लुकास परोपरीने सांगत राहिला, मी नाही, मी नाही. आंटी त्याला म्हणाल्या, "लेकरू शेजारी उभं असताना माणूस खोटं कशाला बोलेल?" आणि त्यांनी त्याला निघून जायला सांगितलं. रागाने नाही — थकून. सीमा बंद, विमानं बंद. तो जाणार कुठे? अंधार पडायच्या आत व्हॅन गेली. त्याचं पुढे काय झालं, मी कधी शोधलं नाही.

इरा आता मोठी झाली आहे. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. आंटी डॉट अजूनही लोकांना कातळावर नेतात, असं ऐकतो. एक फोन करता आला असता — नाही केला.

दगड मी फोडला. लुकास त्या दुपारी वर आलाच नव्हता.