गुण्या आणि डब्यातला कॅमेरा

पहाटे पावणेपाचला गुण्याचा दिवस सुरू व्हायचा. सव्वासहाला तो कामावर. मी साडेसहाला पोचलो की म्हणायचा, “या, दुपारचे पाहुणे.”

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. फरशी बसवणाऱ्या या माझ्या जोडीदाराला एक सूतही वाकडं खपत नसे, म्हणून ते नाव पडलं.

साठीला आल्यावर त्याने कॅमेरा घेतला. मुठीत मावेल एवढा, पण दूरचं जवळ ओढणारा आणि अंधाऱ्या खोलीतही दिवा न चमकवता फोटो काढणारा. मागचा छोटा पडदा वर उचलता येई, म्हणून तो पोटाशी धरून, भलतीकडे बघत टिपायचा. गल्लीत उच्छाद मांडला त्याने. न्हाव्याची डुलकी, आमच्या हिचं भाजीवाल्याशी भांडण, मेहुण्याचं टक्कल. मेहुण्याने महिनाभर टोपी उतरवली नाही. असं चोरून कशाला काढतोस, मी विचारलं. तो म्हणाला, सांगून काढलेल्या फोटोत माणूस नसतो, नुसती इस्त्री असते.

तेव्हा एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं काम चालू होतं. सकाळी बसवलेल्या फरश्या दुपारी खचलेल्या दिसायच्या. दोन दिवस तेच. ओल्या फरशीवर पाय द्यायचा नाही, हे कामावरच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. साइटचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, सिमेंटचा माल पातळ कालवता तुम्ही, वय झालं. आणखी एकदा खचली तर जिना दुसऱ्यांना देईन. जिना म्हणजे दीड महिन्याचं काम. पण गुण्याला लागलं ते ‘पातळ माल’. चाळीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने रंगाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडलं, आत कॅमेरा बसवला, दर मिनिटाला आपोआप फोटो निघेल असं लावलं आणि डबा कोनाड्यात ठेवला. आम्ही खाली जेवायला गेलो.

परत येऊन फोटो बघितले. पहिले वीस-पंचवीस नुसती फरशी. मग साहेब. बूट हातात, चवड्यांवर, खिडकीकडे निघालेले. फोनला तेवढ्या खिडकीतच रेंज यायची. पुढच्या अकरा फोटोंत फोन कानाला. तिसऱ्यात हात कपाळाला, सातव्यात मोकळ्या हाताने दुसरा कान धरलेला. बायकोचा फोन आहे हे कळायला आवाज लागत नव्हता.

तीनला साहेब तपासायला आले. फरशी खचलीच होती. त्यांनी तोंड उघडायच्या आत गुण्या म्हणाला, “साहेब, खिडकीशी उभे राहा. मघासारखा कान धरा.”

कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. साहेबांनी अकराही फोटो बघितले.

“कुणाला दाखवलेस?”

“अजून नाही. सातवा मोठा करून लावण्यासारखा आलाय.”

“जिना तुमचाच रे बाबा. पूस ते.”

“जिन्याचं नंतर. आधी सगळ्यांदेखत सांगा, माल घट्ट होता.”

साहेबांनी सांगितलं. हळू सांगितलं, म्हणून गुण्याने पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांच्यासमोर एकेक फोटो पुसला.

त्या जिन्याच्या मजुरीतून गुण्याने इतकी वर्षं नुसता कोबा असलेल्या स्वतःच्या दोन खोल्यांना अखेर फरशी घातली. एक कोपरा मी केला. त्यातली एक फरशी त्याने उचकटायला लावली. बरोबरच होतं त्याचं. ती अर्धं सूत बाहेर गेली होती.